दारफाळणीचा सण

मुलांनो, तुम्ही तिकडे ज्याला योम किप्पूर म्हणता, त्याला आपल्या घरी दारफाळणीचा सण म्हणत. तुमच्या आजोबांचं घराणं बेने इस्रायल, म्हणजे इथलं मराठी ज्यू, माझं माहेर अंजूरचं, बौद्ध. त्या दिवशी सासूबाई पांढरं पातळ नेसून, पाणीही न घेता, दार लावून बसत. बाहेरच्या कोणाला घरात घेत नसत. घरातली गेलेली माणसं त्या दिवशी परत येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, निरोप घेतात, असं त्या मानत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तुमचा मामा काविळीने गेला. नुकता कॉलेजात जाऊ लागला होता. दफनाच्या वेळी माझ्या आईला त्याच्यासाठी त्रिसरण म्हणायचं होतं. सासूबाईंनी नको म्हटलं. आई तिथूनच परत गेली, ती कामतघरच्या आमच्या घराची पायरी चढली नाही. एकाच नातवाच्या दोन आज्या एकमेकींचं नाव काढत नव्हत्या. तुमची आई तेव्हा शाळेत होती, तिने तर बोलणंच सोडलं. हे घर पुन्हा एकत्र बसेल असं मला वाटत नव्हतं.

मग दारफाळणी आली. तुमचे आजोबा आदल्या दिवशीच ठाण्याच्या सिनेगॉगला गेले होते. दुपारी दार वाजलं. सासूबाईंनी मला हाताने थांबवलं. तेवढ्यात बाहेरून माझ्या आईचा आवाज आला.

“पोरगा आज येनार हाय ना? त्यानंच मला ह्या सणाचं सांगितलेलं. आमच्यात असलं मानत न्हाय. पन आला तर मला बी बघू द्या.”

सासूबाई भिंतीला धरून उठल्या. त्यांनी स्वतः कडी काढली.

“विहीणबाई, आत या. दार बाहेरच्यांना लावलंय.”

सकाळी आपण चहा घेतलाय, चालेल का, असं आईने हळूच विचारलं. आता तरी चांदण्या दिसेपर्यंत काही घेऊ नका, एवढंच सासूबाई म्हणाल्या. दोघी त्याच्या खाटेशी बसून राहिल्या. संध्याकाळी सासूबाईंनी आपणहून आईला त्रिसरण म्हणायला सांगितलं आणि डोक्यावर पदर घेऊन ऐकलं. शेजारच्या लूमच्या खडखडाटात मला ते अर्धंच ऐकू आलं.

आई त्या रात्री राहिली. शिळ्या सणाला दारात येणाऱ्या गरिबांना पुऱ्या वाटायच्या असतात, ओल्या नारळाचं सारण भरलेल्या. वाटताना सासूबाई म्हणाल्या, दरवर्षी यातल्या निम्म्या तो पळवायचा, एवढ्या खायचा कुठे कोण जाणे.

“माझ्याकडं आनायचा,” आई म्हणाली. “आजीनं पाठवल्यात म्हनायचा.”

सासूबाईंनी कधीच काही पाठवलं नव्हतं. त्या आईकडे बघत राहिल्या आणि मग पदरात तोंड लपवून हसू लागल्या. आईही हसली. मागून आणखी एक हसू ऐकू आलं, म्हणून मी वळले. तुमची आई होती.

दिवस कलला तशी मी रिक्षा आणली, आईला धामणकर नाक्यापर्यंत सोडायला. सासूबाई दार पूर्ण उघडून उभ्या होत्या. रिक्षावाला घाई करत होता. मी आईचा हात धरला, पण ती उंबऱ्यापासून बाजूला सरली.

“थांब जरा,” ती म्हणाली. “आधी पोराला जाऊ दे.”