दहा बाय पंधराची श्रद्धांजली

माणसाला मारताना आपलाच हात मुरगळतो, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी आयुष्यात मी एकच मारामारी केलेली, सातवीत, आणि तीत मी खाली होतो. त्यामुळे दिवा स्टेशनाजवळच्या भर चौकात मी ज्याच्या कानशिलावर लाकडाची पट्टी हाणली तो माणूस साठीचा, काटकुळा आणि बनियनवर होता याचं कुणी आश्चर्य मानू नये. मला झेपतील असे शत्रू त्याच मापाचे असतात. तो कोण होता हे आत्ताच सांगून टाकतो. ज्या जवानाच्या अपमानाचा मी सूड घेत होतो, त्याचा तो बाप होता. आणि जवान जिवंत होता.

दिव्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, दहीहंडी, दहावीचे टक्के, नगरसेवकाच्या आईचं वर्षश्राद्ध, सगळं छापतो. तेव्हा सीमेवर तोफा चालू होत्या आणि मी ठाकुर्लीतल्या घरी सोफ्यावरून लढत होतो. टीव्हीवरचा माणूस ओरडायचा, त्याच्यावर मी ओरडायचो, आणि बायको म्हणायची, "आधी सिलिंडर बदला, मग काय जिंकायचं ते जिंका."

एका सकाळी दुकानात बसलेलो असताना आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा फोन आला. त्याला सगळे भाऊ म्हणतात, मीही.

"दादा, आपल्या दिव्याचा वाघ गेला. ग्रुपवर फोटो टाकलाय. दहा बाय पंधरा, एक वाजायच्या आत चौकात लागला पाहिजे."

फोटोत वर्दीतला एक हसरा पोरगा होता, खाली नाव, रेजिमेंट, आणि दोन जळत्या मेणबत्त्या. बातमी कुठून आली, कुणी दिली, मी विचारलं नाही. पोरगा कुठल्या इमारतीत राहतो, घरी कोण आहे, तेही नाही. खात्री केली ती एकाच गोष्टीची, श्रद्धांजलीतल्या 'द्ध'ची. मागे एका आजोबांच्या फ्लेक्सवर तो चुकला होता आणि त्यांच्या मास्तर मुलाने मला दुकानात येऊन झापलेलं. पोरगा मधोमध घेतला, डावीकडे भाऊ हात जोडून, खाली कार्यकर्त्यांचे गोल गोल फोटो. कोपऱ्यात एक गोल रिकामा राहत होता. तिथे मी मला टाकलं. गॉगल घातलेला फोटो होता, तोच सापडला.

एकला फ्लेक्स चढला. खांबांना सुतळीने बांधला, खालची चौकट माणसाच्या छातीपर्यंत येत होती. मग गर्दी जमली. नळाच्या पाइपांना झेंडे लावून पोरं आली. दुकानं बंद करा म्हणून फिरली. एका चहावाल्याने उकळता टोप आधी उतरवू द्या म्हटलं, तर तो टोप त्याच्याच पायावर पालथा केला. तो एका पायावर नाचत ओरडत होता आणि पोरं घोषणा देत होती. मी बघितलं. मला वाटलं, दुःखाच्या भरात होतं असं. खरं सांगू का, दुःख कुणालाच नव्हतं. लग्नाच्या वरातीत असते तसली तरतरी होती. मलाही होती. माझा फ्लेक्स, माझा चौक, कोपऱ्यात माझा गॉगल.

पावणेचारला तो माणूस आला. बनियन, चौकड्यांची लुंगी, एका हातात मोबाइल. फ्लेक्ससमोर थांबला. मोबाइल कमरेला लुंगीत खोचला. शहाळेवाल्याची गाडी शेजारीच उभी होती, तिच्यावरचा कोयता उचलला आणि सुतळ्या तोडायला लागला. एक तुटली, दुसरी तुटली, फ्लेक्सचं एक टोक खाली लोंबलं. मग कोयता टाकून त्याने ते टोक दोन्ही हातांनी धरून ओढलं. जवानाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत टरकन् फाटलं.

"अरे, फाडतोय! गद्दार आहे साला!"

हे कोण ओरडलं? मी ओरडलो. पुढच्या वर्षभरात मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगून पाहिलं की दुसरं कुणीतरी ओरडलं असेल. आवाज माझाच होता.

पहिल्यांदा पाइप पडले, पाठीवर. तो वाकला पण फ्लेक्स सोडेना. कुणीतरी लाथ घातली, तो गुडघ्यांवर आला. चौकटीची एक पट्टी निखळून माझ्या पायाशी पडलेली. ती मी उचलली आणि मारली. पट्टीला खिळे असतात, ते मीच ठोकतो, मला माहीत होतं. त्या वेळी माहीत नव्हतं. खिळा कानामागे घुसला आणि मी पट्टी मागे ओढली तेव्हा कानाची पाळी घेऊनच बाहेर आला. रक्त फ्लेक्सवर उडालं. फ्लेक्सवर रक्त मुरत नाही, ओघळतं.

तो काहीतरी ओरडत होता. एकच वाक्य, परत परत. आम्ही "अमर रहे" इतक्या जोरात म्हणत होतो की ऐकू येत नव्हतं. मी सगळ्यात जवळ होतो म्हणून मला कळलं.

"जित्तं हाय! आरं, पोरगं जित्तं हाय माझं!"

मला कळलं, आणि तरी माझा हात परत वर गेला. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. अर्थ लागायला माणसाला थोडा वेळ लागतो म्हणतात. मी तेवढ्या वेळात दुसऱ्यांदा मारलं.

मोबाइल त्याच्या लुंगीतून निसटला होता. तो वाजत होता. तो माणूस सरपटत फोनकडे गेला, "फोन, माझा फोन" करत. एक पोरगा म्हणाला, "माणसं बोलावतोय!" आणि बुटाने बोटं आणि फोन एकदमच चिरडले. बोटं मोडल्याचा आवाज बारीक असतो, फोनचा मोठा.

मग भाजीवाली मावशी गर्दीत घुसली, त्याच्याच इमारतीत तळमजल्याला राहणारी. "मुडद्यांनो! बाप आहे रे तो त्याचा!"

अर्ध्या मिनिटात चौक रिकामा झाला. भाऊ तर सगळ्यांच्या आधी. मी थांबलो. माणुसकीने थांबलो असं लिहायचा मोह होतोय, पण माझा पाय फाटक्या फ्लेक्समध्ये गुंतला होता आणि मी आडवा पडलो होतो, त्या माणसाच्या शेजारी, तोंडासमोर तोंड.

मावशीने आणि मी त्याला रिक्षात घातलं. सकाळी वॉचमनच्या ड्युटीवर असताना पलटणीतून फोन आला होता म्हणाला. पोरगा सुरुंगावर पाय पडून जखमी झालाय, शुद्धीवर आहे, ऑपरेशनच्या आधी चारच्या सुमारास स्वतः बोलेल. घरात नेटवर्क येत नाही म्हणून तो चौकात आला होता.

"दादा," तो मला म्हणाला. ज्याने कान फाडला त्याला दादा म्हणाला. "मंडळी विठ्ठलवाडीला बहिनीकडं गेल्यात. पाचच्या गाडीनं येत्याल. त्येवढं काढा. तिनं बघाय न्हाई पायजे."

त्याला दवाखान्यात सोडून मी परत गेलो आणि साडेचारला फ्लेक्स उतरवला. मनगट सुजलं होतं, गाठी दातांनी सोडल्या. त्याने पोलिसात तक्रार दिली नाही. तक्रार दिली असती तर बायकोला कळलं असतं. तिला त्याने सांगितलं, पाण्याचा ड्रम जिन्यातून वर नेताना पडलो. दिव्यात ते कुणालाही पटतं. आणि जिथे शेजारच्याची शिंक चार गल्ल्यांत पोचते, तिथे अख्खी वस्ती गप्प बसली. लाजेने गप्प बसली म्हणा, भीतीने म्हणा. मावशीही बोलली नाही, ती त्याच्यासाठी.

सहा महिन्यांनी पोरगा घरी आला. उजवा पाय मांडीपासून नव्हता. स्टेशनवर एकही माणूस गेला नाही. भाऊंना मी विचारलं तर म्हणाले, "बघू, प्रोग्रॅम लावू," आणि लावला नाही. मेलेल्याचं काय करायचं ते आम्हाला पाठ होतं. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, एका पायावर परत आलेल्याचं काय करायचं याचा आमच्याकडे नमुनाच नव्हता.

मी गेलो. किती मोठं मन, असं वाटून घेत, मिठाईचा बॉक्स घेऊन. दार बापाने उघडलं. मला बघून मागे बघितलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, बोलू नका.

"माज्या ड्युटीवरचे हायेत," त्याने आत सांगितलं.

बाईंनी चहा टाकला. पोरगा पलंगावर बसला होता, फ्लेक्सवर होता त्याच्यापेक्षा लहान दिसत होता. गप्पिष्ट होता.

"काका, बाबांना सांगा जरा. ऑपरेशनच्या आधी पाच वेळा लावला फोन, उचललाच नाही यांनी. म्हटलं, बाप घाबरला आपला. पाय जाणार म्हटल्यावर तोंड कसं दाखवणार!" तो हसत होता. "मी आत जाताना रडलोय, माहितीये? फौजी असून."

बाप खाली बघत होता. बोटं वाकडीच जुळली होती, त्यांनी लुंगीचा काठ चोळत होता.

मला ते सहन झालं नाही. म्हणजे माझं मला सहन झालं नाही. त्याचं तर तो सहा महिने सहन करतच होता. मी सगळं बोललो. फ्लेक्स, कोयता, पट्टी, खिळा, फोन. बोलून झाल्यावर मला अगदी हलकं वाटलं, आणि तेव्हाच बाईंकडे लक्ष गेलं. त्या गाळणं हातात धरून उभ्या होत्या.

"माझ्या लेकाला मेला म्हणून लावलं होतं?"

मी मान हलवली.

"किती वेळ?"

"साडेतीन तास."

"साडेतीन तास," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "आनि तुमी मला ड्रम सांगितलासा."

"कोण होतं मारणारं? तू?" पोरगा मला म्हणाला, आणि उठला. मला मारायलाच उठला, कुबडी न घेता, नसलेल्या पायावर भार टाकून. पलंगावरून थेट तोंडावर आपटला. ओठ फुटला. कापलेली मांडी लादीवर आपटली तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज आला तो मी आधी एकदा चौकात ऐकला होता, त्याच्या बापाच्या तोंडून.

बाप धावला, बाई धावल्या. मीही वाकलो, हात पुढे केला.

"हात लावू नगंस," बाई म्हणाल्या. मोठ्याने नाही. "त्याला बी नगं, ह्यास्नी बी नगं."

दोघं मिळून त्याला उचलायला बघत होते. एकाला धड बोटं नव्हती, दुसरीच्यात ताकद नव्हती, तो तरणाताठा गडी होता. दोनदा उचलला, दोनदा निसटला. खालच्या मजल्यावरून कुणाला तरी बोलवायला हवं होतं. मी म्हणालो, "मी बोलावतो." आणि जिन्यात जाऊन खाली हाक मारली.