मामाकडे गेली

आमच्या सौंसरच्या स्नेहाताईला कुणी 'बिचारी' म्हटलं की तिचं डोकं फिरतं. लहानपणी तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. नागपूरच्या दवाखान्यात राहून ती बरी झाली, शिकली, आणि आता नगरपालिकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. रविवारी मात्र स्कूटी काढते आणि रामाकोन्यापासून पांढुर्ण्यापर्यंत जिथे असं आजारी लेकरू असेल, तिथे जाऊन बसते. औषध डॉक्टर बघतात, भीती ही बघते. अट एकच, लेकराशी खोटं बोलायचं नाही. आणि आपल्याकडे नेमकं तेच सढळ हाताने चालतं, वरून प्रेमाच्या नावाखाली.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी रामाकोन्याहून विनायकरावांचा फोन आला. त्यांची संत्र्याची बाग आहे. मुलगी ऋतुजा आठ वर्षांची, तिला तोच आजार. दुसऱ्या दिवशी औषधासाठी नागपूर गाठायचं होतं, खंड पडता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि पोरगी खाट धरून बसलेली.

स्नेहाताई पोचली तेव्हा ऋतुजा एकच घोकत होती, "मी मामाकडं नाई जात!"

"अवं, मामाकडं कोण नेऊन राहिलं तुले?" आजी सुशीलाबाई कावल्या. "तो तं पांढुर्ण्याले हाय. जीव टाकते पोरीवर."

मामाच काहीतरी बोलला असेल, म्हणून त्या गरीब माणसाला फोनवर झापूनही झालं होतं. स्नेहाताईला मात्र हसू आलं नाही. तिने विचारलं, "दवाखान्यात हिच्या बाजूले कोण होतं?"

"गायत्री होती, हिच्याच वयाची." आजींनी आवाज खाली केला. "मांगच्या टायमाले वारली. हिले सांगतलं, मामाकडं गेली म्हणून."

स्नेहाताईला हे ओळखीचं होतं. तिच्या वेळीही शेजारच्या खाटेवरची मुलगी अशीच 'मामाकडे' गेली होती. पुढे सुट्टी मिळाली आणि बाबा लाडाने म्हणाले, चल, मामाकडे जाऊ, तेव्हा तिने दवाखाना डोक्यावर घेतला होता.

ती फरशीवर ऋतुजाजवळ बसली. "गायत्री मामाकडं नाई गेली. ती मेली. तिलेही आपलाच आजार होता."

सुशीलाबाईंनी कपाळावर हात मारला. "काय बोलून राहिली वं बाई!"

"आजी, तिले पयलेच समजलं हाय. एकटीच घेऊन बसली हाय ते."

ऋतुजा रडली, गायत्रीचं नाव घेऊन रडली. आई तिला गप्प करायला सरसावली, तर स्नेहाताईने आईचा हात धरला. शेवटी नाक पुसत पोरीने विचारलं, "मी बी मरीन का?"

त्या क्षणी आपल्यालाही खोटं बोलावंसं फार वाटलं, असं स्नेहाताई नंतर मला म्हणाली.

"मले नाई माहीत," ती म्हणाली. "मी नाई मेली. तू मरू नये म्हणूनच नागपूरले जाचं हाय."

ऋतुजा म्हणाली, "सुई लय दुखते. आई म्हणते, मुंगी चावल्यावानी."

"आईले टोचली का कधी? दुखतेच. मलेही दुखे."

"तू येतं उद्या?"

"हाव. सुट्टी टाकतो."

ऋतुजाने आईकडे वळून बघितलं. "मी जातो नागपूरले," ती म्हणाली. "पण तिथं काईबी झालं, तं तू नको सांगू. ही सांगन."