हिची तिथी

सकाळची गोळी, विजेचं बिल, नातीचा वाढदिवस, सगळं आता फोन सांगतो. तो वाजला की मी उठतो आणि गोळी गिळतो. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, इंदुरातल्या अर्ध्या स्नेहलतागंजचे फोन नंबर तोंडपाठ होते. आज कुणी मुलाचा नंबर विचारला तर खिसे चाचपतो. लाज वाटते, पण करणार काय!

एक गोष्ट मात्र मी फोनच्या हवाली केली नव्हती. माझी बायको माघ वद्य तृतीयेला गेली. त्या वर्षी हळदीकुंकवाचं वाण तिनं स्वतः राजवाड्याच्या बाजारात जाऊन, घासाघीस करून आणलं होतं. रथसप्तमीपर्यंत घरात बायकांची ये-जा चालली. ती सरली आणि थोड्याच दिवसांत ही गेली. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

यंदा मुलगा ऑफिसातून आला तो म्हणाला, "बाबा, गुरुवारी आईचं श्राद्ध. गुरुजींना मेसेज टाकलाय."

"गुरुवारी कसं? रथसप्तमी व्हायचीय अजून."

"अहो, ॲपवर साफ लिहिलंय. माघ कृष्ण तृतीया. तुम्हीच बघा ना."

बघितलं. लिहिलं तसंच होतं. मी म्हटलं, ही रथसप्तमीनंतर गेली, मला पक्कं आठवतंय. तो म्हणाला, "नाराज नका होऊ, पण आजकाल तुमचं थोडं इकडचं तिकडे होतं. एकदा डॉक्टरला दाखवून घेऊ."

मी त्याला चांगलाच झापला. पण नंतर एकटा बसलो तेव्हा घाबरलो. गॅसवर दूध ठेवून विसरलो होतो, ते परवाचंच. ते वाण त्याच वर्षीचं होतं, की आदल्या वर्षीचं? जिच्याबरोबर आयुष्य काढलं तिचे शेवटचे दिवसच डोक्यातून गेले असतील, तर माझ्याकडे राहिलं काय? जेवताना मुलाला सांगितलं, गुरुवारी तर गुरुवारी.

गुरुजी आले. मुलगा पाटावर बसला, मी मागे भिंतीला टेकून. संकल्प सुरू झाला आणि गुरुजी म्हणाले, "हेमंत ऋतौ, पौष मासे, कृष्ण पक्षे..."

"थांबा. पौष?"

"पौषच ना, काका. माघ लागलाय तो हिंदीवाल्यांचा."

मुलानं फोनवर उतरवून घेतलेलं पंचांग हिंदी होतं. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला, म्हणून वद्य पक्षात ते आमच्या एक महिना पुढे. इंदुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेजारची जन्माष्टमी भादव्यात, आमची श्रावणात, आणि दिवस एकच. मलाही ठाऊक होतं. पण फोनवर लिहिलेलं बघितलं आणि पुढे डोकं चाललंच नाही.

मुलाचा चेहरा पडला. "सॉरी बाबा, तुमचं बरोबर होतं," म्हणाला. गुरुजींनी विधी तिथंच थांबवला, जेवून घेतलं आणि तिथीला पुन्हा येतो म्हणाले. डॉक्टरचा विषय परत निघाला नाही. दोन दिवस मी घरात जरा ताठ मानेनं वावरलो, खोटं कशाला बोलू!

मग माघ आला, रथसप्तमी झाली. तृतीयेच्या दिवशी पहाटेच जाग आली. आज ही गेली, हे मला डोळे उघडण्याआधी माहीत होतं. तिचा तो दिवस सगळा समोर होता, तिचा हात माझ्या हातात गार होत गेलेला. तरी मी उशाचा फोन घेतला. मुलानं त्यात आता मराठी पंचांग घालून दिलंय. चष्मा लावून बघितलं. माघ वद्य तृतीया.

तेव्हा कुठे मला रडू आलं. त्याच्या आधी आलं नाही.