स्टँडर्ड नावं

"कचरू. धोंडाबाई. फकिरा." सरांनी पडद्यावरची नावं मोठ्यानं वाचली. "लायब्ररीचं रेकॉर्ड बनवलं की कचरागाडीचं?"

अख्खी लॅब हसली.

मी माऊस धरून उभी होते. प्रोजेक्टरचा उजेड माझ्या तोंडावर. यादीतली पहिलीच नोंद माझ्या आजोबांची होती. कचरू मेश्राम. सरांना ते माहीत नव्हतं. माझं आडनाव मात्र माहीत होतं. आडनाव वाचून ते थांबले, माझ्याकडे पाहिलं.

"अच्छा. म्हणजे घरचाच डेटा आहे."

पुन्हा हसू.

नागपूरच्या त्या कॉलेजात मी एमसीए करत होते. उमरेडहून रोज एसटीनं जाणं-येणं. वेब ॲप कसं बनतं ते शिकायला आम्हाला दोघा-दोघांत एक सोपा प्रोजेक्ट दिला होता. कसल्याही नोंदी ठेवणारं ॲप. नवी नोंद भरायची, शोधायची, दुरुस्त करायची, काढून टाकायची. बस. कोणी जिमचं केलं, कोणी दवाखान्याचं. मी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वाचनालयाचं केलं. सभासद कोण, पुस्तक कोणतं नेलं, परत कधी आणलं. विहारात बसून एकेकाला विचारून नावं भरली. कॉलेजात मोठ्या पडद्यावर दिसणार म्हटल्यावर लोक सांगायचे, "पुरं नाव लिहिजो वं."

माझी जोडीदार ऋचा, नागपुरातल्याच प्रताप नगरची. स्वभावानं वाईट नाही. ॲपचं दिसणं तिनं केलं होतं, आतलं काम मी.

सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात कंपनीचे लोक डेमो बघायला येणार आहेत. ही नावं काढा. जरा स्टँडर्ड नावं टाका."

"स्टँडर्ड म्हणजे कोणती, सर?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"ऋचाला विचार. तिला कळतं."

तास संपल्यावर ऋचा खुर्ची ओढून बसली. "करून टाक ना यार, क्या फरक पडता है. डमी डेटा तर आहे." ती नावं सांगत गेली. आदित्य. अनन्या. ईशान. तिची मावसभावंडं होती ती. म्हणजे हाही घरचाच डेटा. पण याच्यावर कोणी हसणार नव्हतं.

मी एकेक नोंद काढत गेले. शेवटी आजोबांची राहिली. पडद्यावर प्रश्न आला, 'ही नोंद नक्की काढायची?' प्रश्न मीच लिहिला होता. चुकून कोणाचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून. मी 'हो' दाबलं.

संध्याकाळी आबाजी, म्हणजे आजोबा, विहाराच्या ओट्यावर पेपर वाचत बसले होते. खाणीतलं काम सुटल्यापासून रोज तिथेच बसतात. मला पाहून म्हणाले, "माहं नाव दिसलं काय वं पडद्यावर?"

"दिसलं. मंग सरनं काढाले लावलं."

"काहून?"

मी खाली पाहत चपलेचा पट्टा सोडू लागले. त्यांना कळलं. पेपरची घडी घातली त्यांनी.

"आमच्या टायमाले मास्तर हजेरीत माहं नाव घेतच नव्हता. छडीनं दाखवे. हा आला, म्हणे." पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मायनं हे नाव मी जगावं म्हणून ठेवलं. माह्या आधीची लेकरं राहिली नाहीत. असं नाव ठेवलं तं मरण इकडे पाहणार नाही, असं वाटलं तिले."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. एका बाईनं आपलं पोर या नावाआड मरणापासून लपवलं होतं. आणि मी ते नाव एका माणसाच्या हसण्याला भिऊन पुसलं. मला राग आला. सरांचा नंतर. आधी माझ्या बोटाचा.

ऋचाला मी फोन करून सांगितलं, नावं परत टाकणार. ती म्हणाली, "माझी प्लेसमेंट आहे यार."

"माझी पण आहे," मी म्हटलं.

डेमोच्या दिवशी ती आली. पण माझ्याशेजारी उभी राहिली नाही.

समोर दोन पाहुणे. मागे सर. मी शोधायच्या चौकटीत 'कचरू' लिहिलं. नोंद उघडली. मागून कोणीतरी फिसकन हसलं. सर पुढे आले.

"मी काय सांगितलं होतं?"

"नावं काढायला सांगितली होती, सर. मी काढली. परत टाकली. कचरू मेश्राम माझे आजोबा आहेत. ही सगळी खरी माणसं आहेत. हे ॲप त्यांच्यासाठी बनवलं आहे."

टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. एक पाहुणा मोबाईल बघत होता. दुसऱ्यानं सरांकडे पाहिलं.

सर म्हणाले, "नेक्स्ट."

कंपनीच्या निवडयादीत ऋचाचं नाव आलं. माझं नाही. ती आता माझ्याशी बोलत नाही.

नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत. "पाहुण्यांसमोर माझा अपमान केलास. माफी लिहून दे, मार्क देतो. नाहीतर विषय राहील. तुम्हा लोकांना इतक्या सवलती मिळतात, तरी..."

तिथेच थांबले.

"वाक्य पूर्ण करा, सर."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"माफी मी लिहून देणार नाही. विषय राहिला तर परत देईन."

तिथून मी सरळ प्राचार्यांकडे गेले. लॅबमध्ये सर जे बोलले, ते त्यांच्याच शब्दांत लिहून तक्रार दिली. प्राचार्यांनी वाचली. म्हणाले, "अर्ज मागे घे. आपण समजुतीनं मिटवू. करिअरचा विचार कर." घरी बाबा पण म्हणाले, "एक साल तं राहिलं. चूप राय न बापा."

मी करिअरचाच विचार करून राहिली आहे. उद्या जिथे कामाला लागेन, तिथेही असाच कोणी साहेब असेल. इथे गप्प बसायची सवय लावून घेतली, तर तिथे तोंड उघडणार नाही.

अर्ज मी मागे घेतलेला नाही. घेणारही नाही. चौकशीला बोलावतील त्या दिवशी लॅबमधले ते शब्द सरांच्या समोर उभं राहून म्हणणार आहे. एकही न गाळता.