गलबताची पिछाडी

भाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं उलथत होते. शेजारची काशी धावत आली आणि कुंपणापलीकडूनच म्हणाली, "मथूबाय, भाई गेलो गो!" त्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "तेची तेजाबाची बाटली कोणी झाकून ठेवली काय?" सख्खा भाऊ गेला आणि बहीण बाटलीचं विचारते! काशी अजून चारचौघांत ते सांगते. सांगू दे. ती बाटली मी दहा-बारा वर्षं उघडलेली नव्हती, पण हात लावायचा तर आधी झाकण बघायचं, ही भाईनेच लावलेली सवय.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ भिकाजी. मुंबईला चित्रांचे ठसे करण्याच्या कारखान्यात तो पत्र्यावर तेजाब चढवायचा. पन्नास सालानंतर केव्हातरी अचानक मालवणला परत आला आणि म्हणाला, "माका ती हवा मानवना नाय." गावाने विश्वास ठेवला. खरं कारण एकट्या मला माहीत होतं. त्याचा उजवा हात थरथरू लागला होता. चहाची बशी तो टेकवूनच प्यायचा. माझे यजमान नोकरीला मुंबईत, माझं सासर माहेरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे एका दुपारी त्याने मला लाकडं-अवजारं ठेवायच्या मांगरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "बाबांचा गलबत करूचा आसा. लाकूड मी बघतंय. पितळेचा काम तुझ्या हातान. कोणाक सांगा नको हां!"

आमचे बाबा तांडेल होते. ज्या गलबतावर त्यांचा जन्म गेला ते केव्हाच मोडीत निघालं होतं. त्याची हातभर प्रतिकृती करायची, आणि नांगर, कप्प्या, कठडे सगळं पितळेचं. नखाएवढा कठडा कुठला सोनार घडवणार? भाईने कारखान्यातली युक्ती काढली. पितळेच्या पातळ पत्र्यावर जो भाग राखायचा तो डांबराने रंगवायचा आणि पत्रा पाणी घातलेल्या तेजाबात सोडायचा. उघडं पितळ तेजाब खाऊन टाकतं, डांबराखालचं राहतं. कठडा हवा तर दोन्ही बाजूंना रेघेवर रेघ बरोबर यायला हवी, नाहीतर कठड्याची चाळण! रेघा मी ओढायच्या, खारीच्या केसांच्या कुंचल्याने, श्वास धरून. माझ्या रांगोळीचं आळीत कौतुक होतं, त्याचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. पत्रा एनॅमलच्या ताटात बुडाला की त्यावर बारीक बुडबुडे धरायचे. ते भाई कोंबडीच्या पिसाने हलकेच सारायचा. पीस थरथरलं तरी चालतं, किंबहुना बरंच. "देवान माका ह्याच कामाक ठेवल्यान," असं म्हणून तो हसायचा. तेजाबाच्या वाफेने मी खोकायची आणि तोही खोकायचा... दोन वर्षं आम्ही असे खोकत हसत काढली.

शेवटी राहिली पिछाडीवरची नावाची पाटी. आपणहून तोच म्हणाला, "दोघांची नावां घाल गो." वर भिकाजी, खाली मथुरा, भोवती पट्टी. उठावाची अक्षरं म्हणून मी ती डांबराने लिहिली आणि वाळत ठेवून घरी गेले. गलबत तालुक्याच्या प्रदर्शनात जायचं होतं. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पाटी झाली, वार्निश चढलं, पिछाडीवर ठोकूनही झाली. नाव एकच. भिकाजी. खाली सपाट.

"तेजाबान खाल्ल्यान," भाई जमिनीकडे बघत म्हणाला. "तुझा डांबर पातळ पडला गो. रडा नको. होता असा कधीमधी."

मी रडले नाही. त्याहून मूर्खपणा केला. माझ्या चुकीने पाटी बिघडली म्हणून त्याला खापरोळ्या करून नेल्या. त्याने चार खाल्ल्या. पाचवीही मीच आग्रहाने वाढली! प्रदर्शनात त्याच्या गळ्यात हार पडला, मी मागे उभी राहून टाळ्या वाजवल्या, आणि मनाशी ठरवलं, आपला हात गेला. त्यानंतर कुंचला धरला नाही. दिवाळीत दारात रांगोळी मुलींनी काढली. गलबत काचेच्या पेटीत बसलं, पिछाडी भिंतीकडे. पेटी भाईशिवाय कोणी उघडायची नाही. मला वाटायचं, माझी लाज झाकावी म्हणून त्याने तसं ठेवलंय... केवढा समजूतदार भाऊ!

तेरावं झाल्यावर वहिनी म्हणाली, "मथू, तूच पूस गो ता. माका भय वाटता, काय तरी मोडात." मी पेटी उघडली, गलबत खिडकीत आणलं आणि प्रथमच पाटी डोळ्यांजवळ धरली.

पातळ डांबराने फसलेलं काम मी त्या दोन वर्षांत पुष्कळदा पाहिलं आहे. ते सगळं जात नाही. कडा कुरतडल्या जातात, एखादा तुकडा उभा राहतो. इथे काहीच उभं नव्हतं. धुतल्यासारखी साफ जागा. आणि खालच्या पट्टीत, जिथे डांबर शाबूत होतं, तिथे एक बारीक रेघ कोरली गेली होती. तेजाबात घालण्याआधी माझी अक्षरं सुईने खरवडताना सुई घसरलेली. ती रेघ सरळ नव्हती. थरथरत गेली होती.

असा हात आमच्या घरात एकाचाच.

मला त्याच्याशी भांडायचं होतं. आणि हा गृहस्थ तेरा दिवसांपूर्वी निघून गेलेला! कारखान्यातले जुने सोबती प्रदर्शनाला येणार होते, त्यांच्यासमोर बहिणीचं नाव आलं असतं तर त्याच्या हाताची गोष्टही आली असती, एवढं मला कळतं. त्याने नुसतं विचारलं असतं तर मीच पुसून दिलं असतं. पण नाव घेतलं ते घेतलं, माझा हात कशाला घेतला?

परवा मांगरात बसून मी नवी पाटी केली. बाटलीचं झाकण आधी बघितलं. पीस त्याचंच, खुंटीला तसंच अडकवलेलं. बुडबुडे मीच सारले, एकटीच खोकले. दोन्ही नावं उठली, मथुराची अक्षरं तर काळीज सुखावेल अशी. जुनी पाटी उचकटायला पक्कड घेतली आणि हात थांबला. त्या गलबतावरच्या पितळेची प्रत्येक रेघ माझी आहे. भाईच्या हाताची तेवढी एकच, ती वाकडी.

ती काढली नाही. नवी पाटी माझ्या फडताळात आहे. गलबत पेटीत परत ठेवताना पिछाडी मात्र दाराकडे केली.