तिसऱ्या व्हाइसचा झिरो

भुताखेतांच्या गोष्टींची मला किळस येते. ह्या ग्रुपवरचे अनुभव वाचून मी हसलोय, खोटं कशाला बोलू. आता स्वतःच लिहायला बसलोय... हसा खुशाल.

मी गारखेड्याचा. चितेगावच्या एका छोट्या कारखान्यात सीएनसी मिलिंगचा सेटर, म्हणजे धातू कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन कामासाठी लावून देणारा. आमच्या मशीनच्या टेबलावर चार व्हाइस, म्हणजे शिकंजे, प्रत्येकात एक जॉब, कापायचा लोखंडी तुकडा, घट्ट धरलेला. प्रत्येक जॉबचा झिरो, म्हणजे कटरनं कुठून मोजायचं ती जागा, मशीनमध्ये वेगळी भरावी लागते. तो आकडा चुकला की कटर जॉब सोडून थेट व्हाइसवर आदळतो.

तर तिसऱ्या व्हाइसचा झिरो आपोआप सरकायचा. बाकी तिन्ही जागच्या जागी! कटर तुटायचे, जॉब भंगारात. मी प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला, आकडे जपणारी मशीनची बॅटरी बदलली. सर्व्हिसवाला इंजिनिअर येऊन डोकं खाजवून गेला. मालकाचं मात्र एकच पालुपद — "मिलिंद आकड्यांना हात लावतो." मिलिंद आमचा ऑपरेटर. सरळ माणूस, पर्मनंट व्हायला टेकलेला.

मग मिलिंद बहिणीच्या लग्नाला पिशोरला गेला, मशीन मी चालवलं. चारही झिरो स्वतः घेतले, आकडे लॉक केले, किल्ली खिशात. आणि भर दुपारी, स्क्रीनवर तिसऱ्याचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर बदलला! पॅनलजवळ माझ्याशिवाय चिटपाखरू नाही. इमर्जन्सीचं बटण दाबून मशीन बंद केलं.

तसाच मालकाकडं गेलो. गुटख्याची पिचकारी मारून म्हणतो, "त्याला वाचवायला तूच केलं असशील." शी! त्या तोंडाकडं बघवेना.

मिलिंदला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. तो परतला तर गेटवरच हिशोब हातात.

"दादा, तुम्ही तर पाहिलं ना?"

"व्हय रे, पाहिलं. मालकाला सांगितलं बी."

"मंग?"

मी आत जाऊन त्याच्या लॉकरमधलं सामान आणून दिलं.

त्या दिवसापासून तिसरा झिरो केसभरही हललेला नाही. तेच मशीन, तोच प्रोग्राम. मालक मिशीत हसतो, "बघ, म्हणत होतो का नाय?" मिलिंदला आता दुसरीकडंही कुणी उभं करत नाही... इथून फोन जातो ना.

कारण मला आजही सापडलेलं नाही. भूत असेल, तर लई हलकट भूत आहे — एका निर्दोष माणसाची भाकरी गेली आणि गप्प बसलं. मालक राउंडला आला की मी त्या स्क्रीनकडं बघत मनात म्हणतो, आता हल ना भाड्या! ह्याच्यासमोर एकदा हल!