द्राक्षबागेतला कापलेला फोटो

पहिल्यांदा तो फोटो माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यात दोन मुली होत्या. नव्वदीची सुरुवात होती. सातपूरच्या एका छापखान्यात मी मजकूर लिहायला आणि प्रुफं तपासायला होतो. द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यासाठी पुस्तिका निघायची होती आणि तिचे फोटो पंचवटीतल्या एका वयस्कर फोटोग्राफरने काढले होते. या फोटोत वेलींच्या मांडवाखाली दोन मुली घडांतले जादा मणी कात्रीने काढत होत्या. धाकटी नऊएक वर्षांची, कॅमेऱ्याकडे संशयाने बघणारी. थोरली बारा-तेराची. तिने धाकटीच्या खांद्यावर हात टाकला होता आणि ती तोंडभर हसत होती.

विरळणीला लहान मुलं बरी, असं तेव्हा बागवाले उघड सांगत. बोटं बारीक, घडात सहज शिरतात. पेठ-सुरगाण्याकडून आईबाप कामाला आले की ही बोटंही बरोबर यायची. मी फोटोखाली ओळ लिहिली, ‘चिमुकल्या हातांची हसरी साथ’. मेळाव्यात पुस्तिकेचं कौतुक झालं. मला एक नारळ मिळाला.

दुसऱ्यांदा तो फोटो आला तो बारा-तेरा वर्षांनी. फोटोग्राफर वारला होता आणि त्याच्या मुलाने जुने फोटो एका संस्थेला देऊन टाकले होते. संस्थेने त्यांतून शेतीतल्या बालमजुरीवर प्रदर्शन भरवायचं ठरवलं. नाव ‘ऐतिहासिक छायाचित्रे’. तेवढ्या वर्षांत माझी सायकलसुद्धा बदलली नव्हती. फोटोंखालच्या ओळी लिहायला मला बोलावलं, कारण संस्थेच्या चिटणिसांच्या मते माझी भाषा काळजाला भिडते. आधी ती कुठे भिडून आली आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

निगेटिव्ह ओलीने एकमेकांना चिकटून गेल्या होत्या. प्रत्येक फोटोची एकच प्रत शिल्लक होती. हा फोटो चिटणिसांनी बराच वेळ हातात धरला.

“छोटी उत्तम आहे. पण ही मोठी हसतेय हो.”

“हसतेय खरी,” मी म्हणालो.

“मग लोकांना वाईट कसं वाटणार? हिला काढून टाका.”

फोटो मोठा करायला द्यायचा होता. मी स्टीलची पट्टी ठेवली आणि ब्लेडने थोरलीला कापलं. हात राहिला, कारण तो धाकटीच्या खांद्यावर होता. त्या हाताचं काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी ओळ लिहिली, ‘कोवळ्या खांद्यावर मुकादमाचा हात’. हात कोणाचा आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. कापलेला तुकडा टेबलाखालच्या टोपलीत गेला आणि टोपली संध्याकाळी झाडणाऱ्या बाईंनी रिकामी केली.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. समईची वात पंख्याने विझत होती आणि पाहुण्यांना घाम येत होता म्हणून पंखा बंद करायची कुणाची हिंमत होत नव्हती. पाहुणे त्या फोटोपुढे थांबले, ओळ वाचली, मान हलवली. मग भाषण झालं, त्यात मुकादमांवर दहा मिनिटं होती.

मंडळी चहाकडे वळली तेव्हा हार घेऊन आलेली बाई अजून त्याच फोटोपुढे उभी होती. बावीस-तेवीसची असेल. रिकामी गोणपाटाची पिशवी काखेत.

“हे कोणी लिवलं?” तिने विचारलं.

मी जवळच होतो. “मी.”

“मुकादम बांगड्या घालतो काय, भाऊ?”

मी पाहिलं. मनगटावर दोन काचेच्या बांगड्या स्वच्छ दिसत होत्या. पाहुण्यांना दिसल्या नव्हत्या, चिटणिसांना नाही, मला नाही. आम्ही सगळे वाचणारे.

“ही मी हाय,” ती म्हणाली. “अन् हात माझ्या बहिणीचा. ती कुठं हाय?”

“बहीण आता...?”

“पुढच्याच पावसाळ्यात गेली. काविळीनं. तिचा दुसरा फोटू नाय आमच्याकडं. आईचे डोळे चाललेत, एकानंच दिसतं, तेबी गढूळ. दवाखान्यात म्हणले, नजर आता फार दिवस नाय राहायची. तिला तेवढा चेहरा दाखवायचा होता.” मग तिने एकदम विचारलं, “बाकीचा फोटू कोणी कापला?”

“मीच,” मी म्हणालो.

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने नुसती पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. “तो तुकडा न्यायला येते, कुठं बसता तुम्ही? का मी बसते ते सांगू? पंचवटीत, भाजीबाजाराच्या तोंडाशी. सकाळची असते.”

चिटणिसांना मी ओळ बदलायला सांगितली. ते म्हणाले, आता सगळं छापून झालंय, आणि पुढच्या आठवड्यात प्रदर्शन कळवणला जायचंय. ते गेलं. ओळही तशीच गेली.

उरली ती जुनी पुस्तिका. छापखान्यात नव्हती, ज्यांचा मेळावा होता त्यांच्याकडे नव्हती. शेवटी ती माझ्याच माळ्यावर निघाली, नारळाबरोबर मिळालेल्या पिशवीत. पानावर फोटो तळहाताएवढा होता, छपाईचे ठिपके सुटे दिसत होते. पण दोघी होत्या, आणि थोरली हसत होती.

सकाळी बाजाराच्या तोंडाशी ती झेंडूच्या ढिगामागे बसली होती. मी पुस्तिकेतून काढलेलं पान पुढे केलं. हात साडीला पुसून तिने ते दोन बोटांत घेतलं आणि इतका वेळ बघत राहिली की गिऱ्हाईक वाट पाहून पुढच्या बाईकडे गेलं.

“आईला दिसंल?” तिने विचारलं.

“उन्हात धरलंत तर दिसेल.”

मग तिची नजर खाली गेली. वाचता येत नसेल असं मी गृहीत धरलं होतं. तिने बोट ठेवून, अडखळत, मोठ्याने वाचलं, “चिमुकल्या हातांची... हसरी साथ.”

“हेबी तुम्हीच?”

“हो.”

“आई इचारील, काय लिवलंय म्हणून.” तिने ढिगाखालून कात्री काढली. बारीक टोकांची, विरळणीची. फोटोतल्यासारखाच अंगठा घातला आणि पट्टी न लावता, फोटोला जराही धक्का न लागू देता, खालची ओळ सरळ कापून काढली. मला पट्टी लागली होती.

पान तिने ब्लाउजमध्ये ठेवलं. कापलेल्या ओळीचं चिटोरं माझ्या हातावर ठेवलं.

“हे तुमचं, भाऊ,” ती म्हणाली आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली.